सड्यावरच्या घरी नळ बाकी

शारजात, अल नहदातल्या लेकीच्या घरात दुपार फार मोठी असते. बाळ झोपतं, त्याला कुशीत घेऊन लेक झोपते, पाच वर्षांची मोठी नात टीव्ही बघता बघता सोफ्यावरच आडवी होते. मी खिडकीपाशी बसते. समोर टॉवर, टॉवरच्या मागे टॉवर. मे महिन्यात धूळ उठली की मागच्या टॉवरचे आधी खालचे मजले दिसेनासे होतात, मग मधले, आणि वरचे दोन-चार मजले नुसते हवेत राहतात. त्या हवेतल्या मजल्यावर कुणीतरी कपडे वाळत घालताना दिसतं. एसी एकसुरात वाजत असतो. डोळे मिटले की तो आवाज वहाळाचा वाटायला लागतो. आमच्या वहाळाला मे महिन्यात पाणी नसतं, तरी वाटतो.

नातीची शाळेची एक वही अर्धी कोरी राहिली होती, ती मी मागून घेतली. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा खालच्या गावात होती आणि मध्ये पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, आडवा येत असे. लिहायला लागलं की बोटं दुखतात. पण बोलण्यापेक्षा हे बरं, समोर कुणी बघत नसतं.

मी आमच्या गावची सरपंच आहे. गाव रत्नागिरीकडचं, डोंगराच्या कुशीत, वाड्यांमध्ये विखुरलेलं. खुर्ची बायकांसाठी राखीव झाली तेव्हा वाड्यांचं एकमत होईना. मग जिचं कुणाशी भांडण नाही अशी बाई शोधली, तर मी निघाले. मी बोलतच नाही तर भांडण कुठून व्हायचं? त्या दिवसापासून गाव आमच्या ह्यांना सरपंच म्हणायला लागलं. ग्रामसभेत मी खुर्चीवर बसते आणि हे बाजूला उभे राहून बोलतात. मी पदराच्या काठाकडे बघत असते. त्या काठावरच्या मोरांची संख्या मला पाठ आहे.

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मला इकडे यायचं ठरलं. व्हिसा दोन महिन्यांचा. खरं तर जाण्याआधी उपसरपंचांकडे कारभार सोपवायला हवा होता. हे म्हणाले, दोनच महिने आहेत, आणि उपसरपंच दुसऱ्या पार्टीचा, एकदा शिक्का त्याच्या हातात गेला की परत मिळायचा नाही. मग शिक्क्याचं काय करायचं? तालुक्याला आम्हा बायकांचं प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या मॅडमनी सांगितलं होतं की सरपंचाचा शिक्का दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, नवऱ्याच्याही नाही. त्या प्रशिक्षणातलं मला तेवढंच आठवतं, आणि जेवण चांगलं होतं ते. म्हणून मी शिक्का आणि शाईची डबी रुमालात गुंडाळली आणि डिंकाच्या लाडवांच्या डब्यात, लाडवांच्या खाली ठेवली. विमानतळावर एका माणसाने डबा उघडला. त्याने शिक्का उलटा करून पाहिला, लाडवाचा वास घेतला आणि डबा बंद करून दिला. मला काही विचारलं असतं तर मी तिथेच रडले असते.

इकडे येऊन मी बाळात बुडाले. पहिल्या दिवशी तव्यावर ओव्याची धुरी केली, तर छतावरचं यंत्र ओरडायला लागलं आणि खालून वॉचमन धावत वर आला. त्यानंतर धुरी बंद. नुसत्या गरम तव्यावर हात धरायचा आणि बाळाच्या पोटावर ठेवायचा. इथे उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळही गरम येतो, म्हणून गिझर बंद ठेवून त्याच्यातलं जुनं पाणी गार म्हणून वापरतात. मी हे आमच्या ह्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पाणी चोवीस तास येतंय ना, मग उकळतं आलं तरी पी.

पाण्याचंच काम गावात चाललं होतं. केंद्राकडून, म्हणजे दिल्लीहून, आमच्या ग्रामपंचायतीला पाण्याच्या कामासाठी निधी येतो. तो एकदम येत नाही, हप्त्यांनी येतो. पहिल्या हप्त्याचं काय केलं ते लिहून, फोटो लावून, सरपंचाची सही आणि शिक्का घेऊन वर पाठवायचं. ते पोचलं की पुढचा हप्ता. त्या कागदाला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. आमच्या वरच्या वाडीत अकरा घरांना नळ द्यायचे होते. पुढच्या हप्त्यातून गावाच्या टाकीची दुरुस्ती व्हायची होती. टाकीला बुडाशी चीर आहे आणि रात्रभर भरलेलं पाणी सकाळपर्यंत अर्धं जातं.

कागद पंचायत समितीत जातो, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबईला, मग दिल्लीला. पाणी वरून खाली येतं आणि कागद खालून वर चढतो. दुपारी खिडकीपाशी बसून मी पुष्कळदा विचार केला आहे की दिल्लीत तो कागद कोण उघडत असेल. मला तिथे एक बाई दिसते. चष्मा लावलेली, टेबलावर जेवणाचा डबा. ती आमच्या वाडीचं नाव वाचते आणि क्षणभर थांबते, हे कुठे आलं म्हणून. मग खिडकीबाहेर बघते. तिच्याही समोर टॉवरच असतील.

मी इथे येऊन पाच आठवडे झाले होते तेव्हा आमच्या घरून ग्रामसेवकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही. तीन गावं बघतात, जुन्या मोटारसायकलवरून, पाठीचं दुखणं घेऊन. शिक्का कुठे ठेवलाय, असं त्यांनी विचारलं. मागे आमचे हे कपाट उघडून कपडे बाहेर काढत होते, ते मला दिसत होतं.

मी म्हणाले, "शिक्का इथे आहे. शारजाला."

ह्यांनी हातातले कपडे परत कपाटात कोंबले. मग भाऊसाहेब हसायला लागले. "ताई, गावाचा कारभार परदेशी नेलात की हो तुम्ही."

शिक्का तालुक्याला दहा मिनिटांत दुसरा करून मिळतो आणि सही ह्यांना माझ्यासारखीच येते. पण भाऊसाहेब त्याला तयार होईनात. शेजारच्या गावात सरपंचबाईच्या नवऱ्याने सही केली होती आणि तिथल्या भाऊसाहेबांची चौकशी लागली होती. म्हणून सही माझीच हवी, शिक्का खरा हवा. ते व्हॉट्सअ‍ॅपवर तीन पानं पाठवणार होते. त्यांची छापील प्रत काढायची, सही-शिक्का मारायचा, फोटो काढून परत पाठवायचा. मुदतीला चार दिवस होते. कारभार सोपवून आले असते तर यातलं काहीच माझ्यापर्यंत आलं नसतं.

जावई दुबईतल्या मुहैस्नाहला, सगळे ज्याला सोनापूर म्हणतात तिथे, कामगारांच्या कॅम्पवर सुपरवायझर आहेत. त्यांना रविवारी सुट्टी होती. त्यांनी मला शारजाच्या बाजारात, रोल्लाला नेलं. तिथे एका टायपिंग सेंटरमध्ये केरळचा एक माणूस बसतो. व्हिसाचे फॉर्म, भाड्याचे करार, सगळ्या जगाचे कागद त्याच्या यंत्रातून बाहेर पडत असतात. त्याने आमची तीन पानं काढली. पाच दिरहम झाले. जावई मोठ्याने म्हणाले, सव्वाशे रुपये, तीन कागदांचे. तो माणूस हसला आणि मला म्हणाला, "अम्मा, साइन इधर करो, खलास." त्याने पेनही पुढे केलं.

मी आधी वाचलं. मला बोट ठेवून वाचायची सवय आहे. पहिल्या पानावर आकडे होते. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की वरच्या वाडीतील सर्व अकरा कुटुंबांना नळजोडणी देण्यात आली असून काम पूर्ण झाले आहे. माझं बोट अकरा या शब्दावर राहिलं.

अकरावं घर सड्यावरचं. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं काळं सपाट कातळ, त्यावर गवताशिवाय काही येत नाही. तिथे एकच घर आहे. घरात वहिनी एकटीच राहते, मुलगा मुंबईला. नात्याने ती माझी वहिनी नाही, पण लग्न होऊन आम्ही एकाच वर्षी गावात आलो आणि बरोबर पाणी भरलं, तेव्हापासून म्हणते. विहिरीपासून तिच्या दारापर्यंत पाखाडी आहे, दगडी पायऱ्यांची वाट. मी निघाले तेव्हा पाइप दहाव्या घराच्या वळणापाशी येऊन थांबला होता. पुढे सगळं कातळ. पाच आठवड्यांत ते फुटलंही असेल, असं मी स्वतःशी म्हटलं. पण सही केली नाही. जावयांना म्हणाले, घरी जाऊन करते. टायपिंग सेंटरवाल्याने पेन परत खिशाला लावलं.

तिसऱ्या पानावर फोटो होते, प्रत्येक नळाचा एक. फोटोच्या खाली बारीक आकडे होते. ते जागेचे आकडे असतात, फोटो कुठे काढला ते त्यांच्यावरून कळतं. अकरावा नळ एका धुण्याच्या दगडाजवळ होता. दगडाचा कोपरा उडालेला होता. तसा दगड दहाव्या घरी आहे. पण छपाई पुसट होती आणि कोपरे उडालेले दगड कितीतरी असतात. मी जावयांना विचारलं, या आकड्यांवरून जागा बघता येते का. त्यांनी लॅपटॉप उघडला, आकडे घातले, आणि टेबलावर आमचं गाव आलं.

मी ते वरून कधी पाहिलं नव्हतं. विमानातून आले तेव्हा ढग होते. आधी नुसतं काळपट आणि हिरवं दिसलं, काही कळेना. मग सडा ओळखू आला, भाकरी करपल्यावर डाग पडतो तसा. त्याच्या कडेने काजूची झाडं. मग एक लालसर ठिपका, ती आमच्या घराची कौलं. मी तिथे बोट ठेवलं तशी नात म्हणाली, "आजी, डोन्ट टच द स्क्रीन." मी बोट थोडं वर उचललं आणि हवेतूनच चालत निघाले. आमच्या अंगणातून खाली, दगडी गडग्याच्या कडेने, विहिरीपर्यंत. पाखाडी झाडांखाली होती, दिसत नव्हती, पण मला तिची गरज नव्हती. उजवीकडे फणस, मग पायऱ्या उंच होतात तिथे श्वास घ्यायला थांबायचं, मग वळण. बाहेर शारजाचं पांढरं ऊन होतं आणि मी पाखाडी चढत होते. मला खरंच धाप लागली होती.

वळणावर लाल खूण होती. जावई म्हणाले, "आई, ही अकराव्या फोटोची जागा." मग त्यांनी दहाव्या फोटोचे आकडे घातले. खूण जराशी हलली, एवढीशी. सडा तिथून वर होता आणि वहिनीचं घर त्याच्या टोकाला, सगळ्या चित्रात एकटं.

जावई हसले. "आमच्याकडे पण हेच, आई. कॅम्पातल्या बाथरूमचे मी दर आठवड्याला फोटो पाठवतो. एकाच बाथरूमचे चार बाजूंनी काढले की चार बाथरूम." ते म्हणून झाल्यावर लॅपटॉप माझ्यापुढे तसाच ठेवून चहा करायला गेले. एरवी ते चहा करत नाहीत.

मी वहिनीला फोन लावला. आधी बाळाचं झालं, तिच्या गुडघ्याचं झालं, तिच्या मुलाचं झालं. मग मी विचारलं, नळ आला का. ती म्हणाली, माणसं येऊन चुन्याची रेघ मारून गेली आहेत, तिच्यावर कोंबड्या चालतात. भाऊसाहेब पुढच्या महिन्यात म्हणालेत. मी कुठे पळून चालले आहे, असंही म्हणाली.

संध्याकाळी भाऊसाहेबांचा फोन आला, सही झाली का म्हणून. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. काय बोलायचं ते मी आधी तीन वेळा मनात म्हणून पाहिलं होतं.

"भाऊसाहेब, अकरावा फोटो दहाव्या घरचा आहे."

त्यांनी ते लगेच नाकारलं नाही, याचं मला बरं वाटलं. कातळ लागलं, म्हणाले. ठेकेदाराचं मशीन मोडलं, दुसरं मशीन आठ-पंधरा दिवसांत येणार, नळ नक्की होणार. पण तारीख परवाची. सगळे असंच करतात, आधी कागद पूर्ण, मग काम. काम बाकी आहे असं लिहिलं तर वरून प्रश्न येतात, उत्तर पाठवलं की आणखी प्रश्न येतात, आणि तोवर गावाचा हप्ता पुढच्या यादीत जातो. "एका नळासाठी टाकी अडवू नका, ताई."

त्यांचं खोटं नव्हतं. टाकीचं पाणी सगळं गाव पितं.

दुसऱ्या दिवशी आमचे हे बोलले. रागावले होते, पण इतक्या लांबून रागावताना माणूस फोनच्या पडद्यात लहान दिसतो. म्हणाले, हॉटेलात मला लोक बसू देणार नाहीत. मग म्हणाले, "इथे असतीस तर गप सही केली असतीस. तिकडे जाऊन शेख झालीस काय गं?" मागे कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं, मी तोंडावर पदर धरला.

त्यांचं म्हणणं खरं होतं, तिथे असते तर केली असती. कागद पुढ्यात येतो, भाऊसाहेब बोट दाखवतात, बाहेर माणसं खोळंबलेली असतात. इथे कागद दोन दिवस माझ्याजवळ राहिला. तो बाळाच्या दुपट्यांशेजारी होता. मी बाळाला न्हाऊ घातलं की त्या कागदाकडे बघत असे.

आमच्या खालच्या वाडीला पऱ्यावर एक साकव, छोटा पूल, आहे, कागदावर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो पूर्ण आहे. पावसाळ्यात माणसं पऱ्यातून कमरेएवढ्या पाण्यातून जातात. कुणी साकव मागितला की साहेब दप्तर काढून दाखवतात, तुम्हाला दिलेला आहे. जे आहे ते परत कसं देणार? एकदा पूर्ण लिहिलं की वहिनीच्या घरी नळ असणार. मशीन आलं तर आलं. नाही आलं तर तिने कुणाला काय सांगायचं?

त्या दुपारी खिडकीपाशी माझा डोळा लागला. धुळीने समोरचे टॉवर नेले होते. दिल्लीची ती चष्मेवाली बाई पाखाडी चढत होती, पायात शहरी चपला, हातात आमचे तीन कागद. वळणावर थांबून घाम पुसत होती. सड्यावर पोचली आणि वहिनीच्या अंगणात बसली. म्हणाली, पाणी द्या. वहिनी आत-बाहेर करत होती आणि मी कुठेतरी वर, हवेतल्या मजल्यावरून बघत होते. मला ओरडून सांगायचं होतं की कळशीत थोडं आहे.  बाळाच्या रडण्याने जाग आली.

बाळाला लेकीकडे दिलं आणि मी कागद घेतला. आधी वहीच्या पानावर लिहून पाहिलं. मग दुसऱ्या पानाच्या खाली, सहीच्या जागेच्या वर, माझ्या अक्षरात लिहिलं: सड्यावरच्या घरी नळ बाकी आहे. इतर दहा घरी आहे. माझं अक्षर मोठं आहे, छापील ओळींच्या शेजारी ते फारच मोठं दिसलं. त्याखाली सही केली. रुमाल सोडून शिक्का काढला, त्याला डिंकाचा वास लागला होता. मारला.

लेकीने वाचलं. म्हणाली, "आई, सरकारी कागदावर असं लिहितात का?"

मी म्हणाले, "मला दुसऱ्या तऱ्हेने येत नाही."

 बाळ एका हातावर घेऊन तिने दुसऱ्या हाताने फोटो काढला आणि पाठवून दिला.

भाऊसाहेबांचं एकच उत्तर आलं, असं हाताने लिहिलेलं चालत नाही, ताई. मग दोन दिवस काही नाही. मुदत गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवीन पान पाठवलं. त्यात पूर्णच्या जागी प्रगतीत असं छापलं होतं आणि अकरा घरांच्या रांगेत शेवटच्या घरापुढे बाकी असं लिहिलं होतं. अकरावा फोटो काढून टाकला होता. ते पान रोल्लाला न्यायला वेळ नव्हता, म्हणून जावयांनी कॅम्पाच्या ऑफिसातून छापून आणलं. मी सही केली. कागद वर गेला, पण उशिरा, आणि गाव पुढच्या यादीत गेलं. आमचे हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फोन करायचे, पण नातीला. ती त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगायची आणि ते मराठीत हो हो म्हणायचे. मी ऐकत बसायची.

मला वाटलं होतं वहिनीला बरं वाटेल. तिचा फोन आला तो सकाळी, मी डाळ धूत असताना. तिने बाळाचं विचारलं नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी गाव अडवायला?" ती म्हणाली. "विहिरीवर मला सड्यावरची राणी म्हणतात. राणीचा नळ झाल्याशिवाय टाकी नाय म्हणे. मला चढायची सवय होती गो. ह्याची नाय."

 डाळीवर नळ वाहत होता, तो मी बंद केला.  तिनेच फोन ठेवला. त्या दिवशी माझ्या हातून वरण खारट झालं. दोन दिवस मी खिडकीपाशी बसले नाही. सगळ्यांना पाणी मिळावं म्हणून कागद होता आणि मी त्याने एका बाईला एकटं पाडलं होतं. सही केली असती तरी ती एकटीच राहिली असती, हे मला कळत होतं. पण मग ते कुणाला ठाऊक झालं नसतं, आणि आता सगळ्या गावाला ठाऊक झालं.

मग एक गोष्ट झाली. पंचायत समितीचे इंजिनिअर वाडीत आले. कागदावर बाकी लिहिलं होतं म्हणून त्यांना यावं लागलं. त्यांनी कातळ पाहिलं, ठेकेदाराला फोनवर झापलं, आणि चार दिवसांत मशीन आलं. भाऊसाहेब स्वतः पाखाडी चढून गेले. पाठीमुळे ते वर अर्धा तास आडवे झाले होते, वहिनीच्या ओटीवर. तिने त्यांना ताक दिलं. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि आपण याआधी कधी सड्यावर गेलोच नव्हतो, असंही सांगितलं.

काल वहिनीचा फोन आला. नळ सुरू झाला होता. पाणी एक दिवसाआड येतं, अर्धा तास, सुतळीएवढं. एक कळशी भरायला किती वेळ लागतो ते ती सांगत होती. तेवढा वेळ ती तिथेच दगडावर बसते म्हणाली. भरत्या भांड्याशेजारी असं नुसतं बसायचं, याची तिला लाज वाटते. राणी म्हणायचं अजून थांबलेलं नाही. मग म्हणाली, थांब, भरली, आणि फोन तसाच ठेवून गेली. मी वाट बघत राहिले. तिकडे कोंबड्या होत्या, वारा होता. ती विसरली असावी.

टाकीचा हप्ता अजून आलेला नाही. कधी येईल ते भाऊसाहेबांनाही माहीत नाही. परवा माझं विमान आहे, आणि मी पोचल्यावर चौथ्या दिवशी ग्रामसभा ठेवली आहे. टाकी का अडली ते लोक विचारणार. आमचे हे आता बोलतात माझ्याशी, पण या वेळी बाजूला उभं राहून बोलणार नाही म्हणाले. तू लिहिलंस, तूच सांग. रागाने म्हणाले की कसे, ते फोनवर कळलं नाही.

म्हणून दुपारी सगळे झोपले की मी ही वही घेऊन बसते. किती पानं लिहिली आणि खोडली. उभं राहून म्हणता येईल एवढंच हवं. मला एक वाक्य जमलं आहे. नळ झाला नव्हता, म्हणून झाला नाही असं मी लिहिलं. हे मी खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात म्हणून पाहते. बाळ जागं असलं तर माझ्याकडे बघतं. पुढे कुणी आणखी काही विचारलं तर काय सांगायचं, ते अजून जमलेलं नाही.